बिननवऱ्याची झुरळं आणि सात घरची फर्न

"ढोबळे! अहो ढोबळे! हे काय सोडलंय तुमच्या माळ्यानं माझ्या कुंडीत?"

ओरडत होते पांढरीपांडे साहेब. हा माणूस वीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढलेला. तिथे पोलाद लाटलं जात असताना शेजाऱ्याला 'चहा घेता का' एवढं विचारायचं तरी पोटातून बेंबीसकट आवाज काढावा लागतो. त्यामुळे साहेब घरी कुजबुजले तरी पलीकडच्या सेक्टरातली म्हैस दूध चोरायची. आणि त्या सकाळी ते कुजबुजत नव्हते. फाटकाशी लावत असलेली सायकल माझ्या हातून पडली. रुआबांध्याच्या तळ्यावरचे बगळे उडाले असंही मी पुढे कित्येकांना सांगितलं. पाहायला गेलो नव्हतो, पण उडाले असणारच.

अंगणात डेलियाची कुंडी आडवी पडलेली. ताटाएवढं जांभळं फूल मान टाकून लोळत होतं. साहेबांनी मातीचा गोळा लाथेनं फोडला आणि आतून झुरळं निघाली. स्वयंपाकघरातली नव्हेत. ही बुटकी, चकचकीत, गुळाच्या काकवीच्या रंगाची. घरातलं झुरळ उजेड दिसला की फटीकडे पळतं. ही बेटी तिथल्या तिथे मातीत डोकं खुपसून, पोहणाऱ्यानं बुडी मारावी तशी गडप व्हायची. डेलियाची मुळं न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखी साफ.

फ्लॉवर शो दहा दिवसांवर होता. ज्यांनी तेव्हाची भिलाई पाहिली नाही त्यांना सांगतो, आपण त्या वेळी मध्यप्रदेशात होतो, राजधानी भोपाळला होती, पण जानेवारीत आमची खरी राजधानी फ्लॉवर शोच्या मांडवात असायची. भट्टी बंद पडली तर साहेब लोक चहा पिऊन मग निघायचे. शेवंतीला मावा लागला तर पायात चपला न घालता धावायचे.

नळापाशी बिसाहू पाइप हातात धरून उभा होता. आमच्या नर्सरीतला माळी, चाळिशीचा, शब्द मोजून वापरणारा. बारा वर्षं रोजंदारीवर होता आणि त्या वर्षी कुठे त्याचं नाव कायम करायच्या यादीत लागलं होतं. कायम म्हणजे क्वार्टर, कायम म्हणजे बायकोच्या दम्याला कारखान्याचा दवाखाना. यादीवर सही व्हायची होती शो संपल्यावर.

"खत यानंच घातलं," साहेब म्हणाले. "मी आज लिहून देतो. असा माणूस कायम करून राहिले तुम्ही?"

बिसाहूनं पाइप गुंडाळला. "मोर खातू साफ हे, साहेब," एवढंच म्हणाला. त्याचं खत स्वच्छ आहे, असं.

साहेबांनी लिहून दिलं. संध्याकाळपर्यंत कागद पर्सोनेलला पोचला. चांगल्या कामाचा कागद आमच्याकडे बैलगाडीनं जातो. तक्रारीला मात्र इंजिन लागतं.

आता माझी ओळख. टाउनशिपच्या बागकाम खात्यात मी कीड-सुपरवायझर. खुर्चीमागच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं 'प्लांट प्रोटेक्शन', त्यामुळे निम्मी भिलाई समजायची की ब्लास्ट फर्नेसवर मीच पहारा देतो. मी कधी दुरुस्ती केली नाही. हथखोजच्या एका कारखानदारानं मला जीप पाठवून बोलावलं होतं, त्याचे लोखंडी गर्डर वाळवी खाऊन राहिली म्हणून. मी तिथे चार समोसे खाल्ले, गर्डरला कान लावला, गंभीर चेहरा केला आणि सांगितलं की वाळवीनं खालच्या लाकडी फळ्या खाल्ल्या आहेत, लोखंड मात्र गंजानं खाल्लं. तो म्हणाला, मग गंजावर फवारा मारा. असे लोक. पण या झुरळांपुढे मीही त्या कारखानदाराएवढाच अडाणी होतो. वीस वर्षांत हा प्राणी मी भिलाईत पाहिलेला नव्हता. दोन दिवसांत आणखी तीन क्वार्टरांतून तीच बोंब आली.

मी लोणच्याच्या बरणीत ओली माती आणि चाळीस झुरळं भरली आणि रायपूरच्या शेतकी कॉलेजात निघालो. चरोद्यापाशी गाडीनं धक्का दिला, बरणीचं फडकं सुटलं, आणि डब्यात इतकी जागा झाली की मी रायपूरपर्यंत आडवा पडून गेलो. एका म्हाताऱ्यानं तेवढं उठायला नकार दिला. तो म्हणाला, मी रेल्वेत खलाशी होतो, यापेक्षा मोठी मी चादरीतून झटकली आहेत. त्यानंच पकडून दिली. चाळीसपैकी सदतीस परत मिळाली. तीन गेली ती कुठे, ते बिलासपूरच्या लोकांनी सांगावं.

कॉलेजातले प्राध्यापक मूळचे अमरावतीचे, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी एकेक झुरळ चिमट्यात धरून, उलटं करून, भिंगाखाली पाहिलं. सदतीसच्या सदतीस. मी दोनदा चहा प्यालो. शेवटी त्यांनी भिंग ठेवलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की जणू नातू झाल्याची तार आली.

"सगळ्या बाया आहेत," ते म्हणाले.

मी म्हटलं, सर, पुरुष गाडीत राहिले असतील, ते तीन.

"राहिले नाहीत. असतच नाहीत. हिले नवरा लागतच नाही, ढोबळे. एकटी मोठी होते, एकटी पिल्लं देते, पिल्लं सगळ्या पोरी. त्या पोरी मोठ्या झाल्या की त्याही तसंच करून राहतात."

मी खोटं बोलत नाही, माझ्या अंगावर काटा आला. वीस वर्षं मी जी कीड मारली ती सगळी संसारी होती. नर, मादी, भेटीगाठी, अंडी. अशा किडीची एक मादी चुकून भलत्या गावी पोचली तर बहुतेक वेळा तिथंच तिचं घराणं बुडतं. आधीच पोटुशी असली तर गोष्ट वेगळी, नाहीतर मग नवरा आणायचा कुठून? म्हणून अशी कीड झुंडीनं यावी लागते. सुबाभळीवर त्याच सुमारास आलेली ती बारीक उडती कीड आठवते का? वाऱ्यावर बसून लाखांनी आली, नर-मादी दोन्ही, आणि रस्त्याकडेची सगळी सुबाभूळ पंधरा दिवसांत झाडूसारखी करून गेली. ती पसरली ती सांडलेल्या तेलासारखी, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. कालचं झाड, मग आजचं, मग उद्याचं.

"ही तशी पसरत नाही," प्राध्यापक सांगू लागले. "हिले झुंड नको, वारा नको. एक कुंडी पुरते आणि कुंडीत एक पोरगी. तुम्ही शेवंतीची फांदी खोचता, तीच शेवंती पुन्हा येते की नाही? तशी ही किडीची कलमं समजा. जगभर गेली अशी, बोटीतून, रोपांच्या मातीत बसून. हिची एक चुलतबहीण आहे, नवऱ्यावाली. ती बिचारी आपल्या मुलखाबाहेर फारशी गेलीच नाही."

आणि मारायचं कसं? तेही कलमांवरूनच समजावलं. नर-मादीची संतती पत्त्यांसारखी पिसलेली असते, एकासारखं दुसरं नसतं. औषध मारलं की त्यातली एखादी पचवून उरते आणि तिचा वंश पुढे शिरजोर होतो. या पोरी एका साच्यातल्या. एकीला जे बाधतं ते सगळ्यांना बाधतं. कुंडी पाण्याच्या हौदात काठोकाठ बुडवून ठेवा, सगळ्या वर येतात, वेचून घ्या. औषधसुद्धा नको.

"फक्त एक," त्यांनी बोट वर केलं. "एकही कुंडी सुटली नाही पाहिजे. नवऱ्यावाल्या किडीत एखादी उरली तर चालून जाते. इथे एक उरली म्हणजे सगळं उरलं."

परतीच्या गाडीत मी उभाच राहिलो, बसवेना. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. कीड खतातून आली असती तर तेलासारखी पसरली असती. खताची ट्रॉली ट्रॅक्टरमागे लावून आम्ही ओळीनं द्यायचो, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. मग झुरळंही ओळीनं निघायला हवीत. बिसाहू सुटतो की नाही, ते एका नकाशावर ठरणार होतं.

तीन दिवस मी सायकलवर टाउनशिप पालथी घातली. दोन हजार कुंड्या उकरल्या. बरं, दोनशे. नकाशावर जिथे झुरळ तिथे लाल टिकली. बायकोची कुंकवाची डबी घेतली होती. आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तेव्हा मी ओरडलोच. ओळ नव्हतीच! एक टिकली सेक्टर नऊला, एक पार आठच्या टोकाला, दोन दहामध्ये, मधली घरंच्या घरं साफ. जिथे बिसाहूचं खत ओळीनं पडलं होतं त्या आख्ख्या गल्लीत एकच टिकली. खत सुटलं. कुंड्यांनी उड्या मारल्या होत्या. पण सेक्टर नऊची कुंडी दहाला कशासाठी जाईल?

आमची शांता कुंकवाची डबी परत न्यायला आली, नकाशावर वाकली आणि म्हणाली, "अवो, ही तर बक्षिसांची यादी होय."

आता मला जे सांगायचं आहे ते मी निवृत्त झाल्यावरच सांगू शकतो. घरगुती बागांची स्पर्धा असायची. परीक्षक एका दिवशी एकच सेक्टर पाहायचे. आज सात, उद्या आठ, परवा नऊ. त्यामुळे आज सातमध्ये जी झकास कुंडी उभी आहे ती उद्या आठमध्ये उभी राहायला कुणाची ना नव्हती. टाउनशिपमधली सगळ्यात देखणी फर्न, चिनी मातीच्या निळ्या कुंडीतली, छत्रीएवढी, तिनं त्या तीन वर्षांत सात घरांना बक्षिसं मिळवून दिली. परीक्षक एक रिटायर्ड वनाधिकारी होते, चष्मा सोड्याच्या बाटलीच्या बुडाचा. ते दरवर्षी शेरा लिहायचे की भिलाईत फर्न फार छान येते. आणि त्यांना फिरवायला, आज कुठला सेक्टर उद्या कुठला हे ठरवायला माणूस कोण? मी. ते शांताला कोण सांगायचं? मी. शांता महिला मंडळात कुणाला सांगायची? सगळ्यांना.

फर्न फिरते हे मला ठाऊक होतं. तिच्या मातीत कोण बसून फिरतं ते ठाऊक नव्हतं. आणि फर्न मुळात कुणाची, तेही नाही, कारण ज्या घरी ती उभी असे त्या घरी ती 'आमचीच' असे.

मी डबीत बोट बुडवलं आणि शेवटची टिकली आमच्या क्वार्टरवर लावली. गेल्या वर्षी आम्हाला तिसरं बक्षीस होतं, स्टीलचा डबा. मागच्या अंगणात कढीपत्त्याची कुंडी उलटी केली. होत्या. अकरा.

दोन दिवस मी गप्प बसलो. हे मी कबूल करतो, आणि इथे मी आकडा वाढवत नाही. नकाशा दाखवला तर बिसाहू सुटत होता, पण सेक्टरांचं टाइमटेबल फोडलं कुणी, हा प्रश्न दुसऱ्याच मिनिटाला येणार होता आणि त्याचं उत्तर मी होतो. सात घरांत दोन माझे साहेब. मी शांताला म्हणालो, होईल काहीतरी, पुढच्या वर्षी पुन्हा यादी निघेल.

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "त्या माणसाचं नाव गेलं न, तं तो डबा मी या घरात नाई ठेवणार. आन् त्यात भरलेलं तुमाले वाढणार बी नाई."

त्या डब्यात चिवडा होता. पण मी केवळ चिवड्यासाठी हललो असं कुणी समजू नये.

संक्रांतीचं हळदीकुंकू मंडळाच्या हॉलमध्ये होतं. बायकांचा कार्यक्रम, मी आतल्या खोलीत पडद्यामागे तिळगुळाच्या पराती सांभाळायला म्हणून बसलो. शांतानं वाण लुटायच्या ताटात मधोमध लोणच्याची बरणी ठेवली. आरडाओरडा झाला, एक बाई खुर्चीवर चढली, दुसरी त्याच खुर्चीवर चढली. शांतानं सगळं सांगितलं, कॉलेजातल्या प्राध्यापकापेक्षा चांगलं सांगितलं. हिला नवरा लागत नाही, एकटी पिल्लं देते, म्हणून एक कुंडी म्हणजे एक वस्ती.

मागच्या रांगेतून सेक्टर दहाच्या जोशीकाकू म्हणाल्या, "बरं आहे बाई तिचं. मोजे शोधून द्यायले नको."

हॉल हसून हसून लवंडला. पण शांता हसली नाही. ती म्हणाली की बिसाहूवर तक्रार गेली आहे, दोन दिवसांत यादी जाईल. सगळ्या कुंड्या हौदात बुडवायच्या आहेत, उसन्या आणलेल्याही. एक लपवली तर सगळी मेहनत पाण्यात. मग तिनं पहिली कबुली स्वतःची दिली. स्टीलचा डबा सोबत आणला होता, तो टेबलावर ठेवला. "आमची फर्न आमची नव्हती. मले जोशीकाकूंनी पाठवली होती."

पडद्यामागे मला माझंच तिळगूळ चावणं इतकं मोठ्यानं ऐकू आलं की मी चावणं थांबवलं.

जोशीकाकू उठल्या. मला सेक्टर आठमधून पाठवली होती, म्हणाल्या. आठवाली म्हणाली, मला नऊमधून. एकेक बाई उठायची, पदर सावरायची आणि एक घर मागे जायची. अशा सहा उठल्या. सातवी उठेना. सगळ्यांच्या माना हळूहळू पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथे पांढरीपांडे वहिनी मांडीवरच्या वाणाच्या वाटीकडे पाहत होत्या.

"फर्न माझी," त्या म्हणाल्या. "कलकत्त्याहून आणली, बहिणीकडून. आगगाडीत मांडीवर घेऊन बसले होते. यांना वाटतं ती मागच्या व्हरांड्यातच असते." मग वाटी खाली ठेवली आणि उभ्या राहिल्या. "खताचा काही संबंध नाही. कीड माझ्या कुंडीतून आली. मी आजच सांगते यांना."

मी पडद्यामागे टाळी वाजवली. सगळ्या दचकल्या. ते माझं त्या दिवसातलं एकमेव शौर्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या मैदानावरच्या हौदापाशी कुंड्यांची जत्रा भरली. रिक्षातून, स्कूटरच्या पायाशी, एक तर लहान मुलाच्या बाबागाडीतून. आधी निळी कुंडी बुडवली. पाच मिनिटं काही नाही. मग बुडबुडे, मग मातीतून काळपट डोकी, मग पृष्ठभागावर अशी झुंबड की हौदाचा रंग बदलला. आम्ही गाळण्या, चहाच्या गाळण्या, एकानं तर क्रिकेटची टोपी, जे हाताला लागेल त्यानं वेचत होतो. पोटुशी कोण, पिल्लू कोण, काही फरक नाही, सगळ्या एका चालीनं वर येत होत्या, एका साच्यातल्या. मी भान विसरून ओरडत होतो, पाहा, पाहा, एकही हट्टी निघत नाही! वीस वर्षांच्या नोकरीत मला इतका आनंद झाला नव्हता. पांढरीपांडे साहेबही आले होते. माझ्याजवळ येऊन त्यांनी घडी केलेला कागद दिला, तक्रार मागे घेतल्याचा, आणि काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. हा माणूस खरंच हळू बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

सगळ्या मेल्या का? नाही. पुढच्या पावसाळ्यात एका बंगल्याच्या गुलाबाखाली पुन्हा दोन सापडल्या. कुणीतरी एक कुंडी लपवली होती, किंवा गाडीत निसटलेल्या त्या तिघींपैकीच एखादी माझ्याच धोतराच्या निऱ्यांत बसून आली होती. खरं काय ते देव जाणे. टाइमटेबल फोडल्याबद्दल मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याच्या घरी बक्षीस होतं. पण पुढे मी परीक्षकांना एकाच दिवशी सगळे सेक्टर दाखवू लागलो. त्या वर्षीपासून भिलाईत फर्न तेवढी छान येईना, असा शेरा पडला.

यादी गेली तेव्हा तीत बिसाहूचं नाव होतं. ते कळताच मी सायकल दामटत नर्सरीत गेलो. तो मातीच्या पिशव्या भरत बसला होता. मी नकाशा त्याच्या मातीच्या ढिगावरच पसरला आणि सगळं सांगितलं. भिंग, सदतीस बाया, कलमं, तेलाचा डाग, कुंकवाच्या टिकल्या, हौद. बोटानं रेघ ओढून दाखवलं की पांढरीपांड्यांच्या व्हरांड्यातून फर्न आधी कुठे गेली, मग कुठे, आणि हे शोधायला मला कसे आठ दिवस रक्त आटवावं लागलं. अर्धा तास मी बोललो. तो हातातली पिशवी भरत राहिला. पिशवी भरून झाली, ती ओळीत ठेवली, आणि मग म्हणाला,

"सब्बो गमला ला मैं हा ठेला मा लेगे रहेंव, साहेब. मोला कोनो पूछिस नइ." सगळ्या कुंड्या त्यानंच ठेल्यावर घालून नेल्या होत्या, त्याला कुणी विचारलं नव्हतं, असं.